काळ्या पाषाणाचा पश्चिम किनारा

जळकोटच्या माणसाला समुद्रकिनाऱ्यावर पायी हिंडण्याचा उपदेश करावा, तर त्याने प्रथम हसावे हेच स्वाभाविक होय. बालाघाटच्या डोंगरात, लातूर आणि नांदेड या दोन जिल्ह्यांच्या सीमेजवळ वसलेल्या या गावाच्या नावात ‘जळ’ हा शब्द आहे खरा. परंतु अरबी समुद्र येथून पश्चिमेला सरळ रेषेतही चारशे किलोमीटरांहून दूर आहे. येथे पडणाऱ्या पावसालासुद्धा त्या समुद्राची ओढ नाही. तो ओढ्यानाल्यांतून, उपनद्यांतून गोदावरीला मिळतो आणि पूर्वेकडे बंगालच्या उपसागराची वाट धरतो. अशा गावाला कोकणच्या खडकाळ किनाऱ्याशी काय कर्तव्य, असा प्रश्न कोणीही करील. त्याचे उत्तर मात्र दूर शोधावयास नको. ते गावातल्या कोणत्याही जुन्या विहिरीत वाकून पाहिले असता सापडते.

मराठवाड्यात विहीर खोदणारा माणूस पुस्तके न वाचताही थोडासा भूशास्त्रज्ञ असतो. वरची काळी माती संपली की मुरूम लागतो. मुरुमाखाली कधी सच्छिद्र, पांढऱ्या-हिरवट खड्यांनी भरलेला मऊ दगड लागतो, त्याला तो मांजऱ्या म्हणतो. त्याखाली पहारीला दाद न देणारा काळा पाषाण लागतो. कधी दोन पाषाणांच्या मध्ये गेरूसारखा तांबडा पट्टा आडवा गेलेला दिसतो. हा क्रम एकदा संपला की पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. असे का व्हावे, याचा उलगडा असा की हा सारा दगड एके काळी पातळ, तप्त रस होता. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूपृष्ठाला लांबच लांब भेगा पडून हा रस बाहेर आला आणि पुरासारखा पसरला. एक पूर निवाला की त्यावर दुसरा आला. दोन पुरांच्या मधल्या अवकाशात खालच्या दगडाची जी माती झाली, तीच वरच्या रसाने भाजून निघून तांबडी पडली. रस निवताना त्यातील वायूचे बुडबुडे वरच्या भागात अडकले. त्या पोकळ्यांत पुढे पाण्याबरोबर आलेली द्रव्ये साचली, आणि मांजऱ्यातले खडे तयार झाले. विहिरीच्या एका बाजूवर येणेप्रमाणे अग्नीच्या महापुरांची नोंद वहीच्या पानांसारखी एकावर एक रचलेली असते.

या अग्निसमुद्राला दोन टोके आहेत. पूर्वेकडचे टोक जळकोटपासून फारसे दूर नाही. येथून पूर्वेला देगलूर-बिलोलीच्या बाजूला गेले की काळा पाषाण विरळ होत जातो आणि त्याच्या खालचा, त्याहून कितीतरी पट प्राचीन असा ग्रॅनाइट जातीचा दगड उघडा पडतो. मोठमोठ्या गोलसर धोंड्यांच्या टेकड्या तिकडे दिसतात, त्या त्याच दगडाच्या. किल्लारीच्या परिसरात ३० सप्टेंबर १९९३ रोजी जो भयंकर भूकंप झाला, त्यानंतर तेथे जमिनीत एक खोल छिद्र घेऊन शास्त्रज्ञांनी खालच्या थरांची परीक्षा केली. तेव्हा असे आढळले की तेथे काळ्या पाषाणाची जाडी ३३८ मीटर आहे. त्याखाली थोडासा गाळाचा थर आणि मग तो पुरातन दगड. जळकोटचा माणूस म्हणजे या आटून गेलेल्या अग्निसमुद्राच्या पूर्व किनाऱ्याजवळचा रहिवासी होय.

आता पश्चिमेकडे जावे तसतशी ही जाडी वाढत जाते. महाबळेश्वराहून पोलादपूरकडे उतरणाऱ्या आंबेनळी घाटात एकावर एक रचलेले थर सुमारे १,२०० मीटर उंचीपर्यंत उघडे दिसतात. किल्लारीच्या तिपटीहूनही अधिक अशी ही जाडी! आणि त्यानंतर, सह्याद्रीचा कडा उतरून कोकणपट्टी ओलांडली की, हा एवढा मोठा पाषाण समुद्राशी येऊन एकाएकी तुटल्यासारखा दिसतो. पूर्वेला तो हळूहळू, लाजत संपतो. पश्चिमेला तो कुऱ्हाडीने तोडल्यासारखा संपतो. हा भेद कशामुळे, हेच त्या किनाऱ्यावर पायी हिंडून पाहण्यासारखे आहे.

महाबळेश्वरी उगम पावणारी सावित्री नदी हे सारे थर कापीत खाली येते आणि ज्या ठिकाणी समुद्राला मिळते, त्या मुखाच्या उत्तर बाजूस हरिहरेश्वर हे क्षेत्र आहे. रायगड जिल्ह्याच्या श्रीवर्धन तालुक्यातील हे स्थान पेशव्यांच्या घराण्याचे कुलदैवत म्हणून महाराष्ट्राला परिचित आहे. प्रथम कालभैरवाचे दर्शन, मग हरिहरेश्वराचे, आणि पुन्हा कालभैरवाचे, असा येथील रिवाज. पण भाविकांचा याहूनही मोठा आचार म्हणजे प्रदक्षिणा. ती देवळाच्या प्रांगणात घालावयाची नसते. देवळामागच्या डोंगराला घालावयाची असते. पायऱ्या चढून डोंगराच्या खांद्यावर जावयाचे, दुसऱ्या अंगाने एका अरुंद घळीतून थेट समुद्राच्या पातळीवर उतरावयाचे, आणि मग उजव्या हाताला कडा व डाव्या हाताला समुद्र ठेवून, लाटांनी धुतलेल्या खडकांवरून डोंगराला वळसा घालीत देवळाशी परत यावयाचे. ज्या कोणी ही वाट प्रथम पुण्यप्रद ठरविली, त्याने नकळत भूगर्भशास्त्राची एक उत्तम पाठशाळाही उघडून ठेविली आहे. पादत्राणांचा आवाज न करता, खाली पाहत, सावकाश चालणे हे दोन्ही प्रकारच्या यात्रेकरूंना सारखेच आवश्यक आहे.

परंतु या पाठशाळेला वेळापत्रक आहे, आणि ते चुकविणाऱ्यास ती फार कठोर शिक्षा करते. प्रदक्षिणेची खालची वाट ओहोटीच्या वेळीच मोकळी असते. भरती आली की तीच वाट पाण्याखाली जाते, आणि एका बाजूला उभा कडा असल्याने माणसाला पळावयास जागा राहत नाही. या खडकांवरून लाटांनी माणसे ओढून नेल्याचे प्रसंग एकदा नव्हे, अनेकदा घडले आहेत. आणि अशा प्रसंगी सापडतो तो बहुधा घाटावरचा, समुद्राची रीत न जाणणारा पाहुणा. ज्याने जन्मभर पाणी विहिरीत, आडात किंवा तळ्यात एका जागी थांबलेले पाहिले, त्याला चालून येणाऱ्या पाण्याची कल्पना सहसा येत नाही. दुपारी कोरडा दिसलेला खडक संध्याकाळी पुरुषभर पाण्याखाली असेल, हे त्याच्या मनात येत नाही.

यासाठी कोकणातले कोळी जे साधे गणित वापरतात, ते मराठवाड्याच्या माणसानेही शिकून घ्यावे. त्याला घड्याळापेक्षा पंचांग अधिक उपयोगी. त्या दिवशीच्या तिथीची पाऊणपट करावी. जो अंक येईल, साधारण तितक्या वाजता पूर्ण भरती असते. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन. म्हणजे तीनच्या सुमारास भरती. द्वादशी असेल तर नऊच्या सुमारास. दिवसातून भरती दोनदा येते, म्हणून हा अंक सकाळ व संध्याकाळ दोहोंनाही लागू पडतो. आणि भरतीनंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. द्वादशीला सकाळी नऊला भरती असेल तर दुपारी तीनला पाणी सर्वांत खाली गेलेले असते. तिथी रोज एकाने पुढे सरकते, आणि भरतीही रोज सुमारे पाऊण तासाने उशिरा येते. हे त्या गणितामागचे रहस्य. चंद्राच्या ओढीने पाणी फुगते, आणि चंद्र रोज तेवढ्याच वेळाने उशिरा उगवतो.

याखेरीज आणखी एक भेद ध्यानात ठेवावयाचा. पौर्णिमा व अमावास्येच्या आसपास चंद्र आणि सूर्य एकाच रेषेत येऊन दोघांची ओढ एक होते. तेव्हा भरती फार वर चढते आणि ओहोटीही फार खाली उतरते. याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास दोघांची ओढ काटकोनात असल्याने पाणी फारसे चढत नाही, उतरतही नाही. ती भांगाची भरती. खडकांवरचे जीवन पाहावयाचे तर उधाणाची ओहोटी उत्तम, कारण एरवी झाकलेला भाग तेव्हा उघडा पडतो. मात्र उधाणाचे पाणी परतते तेही वेगाने. म्हणून पूर्ण ओहोटीच्या दोन तास आधी, पाणी उतरत असता निघावे आणि ते वळण्यापूर्वी वाट पुरी करावी. गणित ढोबळ आहे; वारा आणि हवा त्यात फरक पाडतात. निघण्यापूर्वी गावातल्या माणसाला विचारावे आणि तो नको म्हणाला तर देवळातूनच नमस्कार करून परत फिरावे. पावसाळ्यात तर हा विचारही मनात आणू नये.

वेळ साधून घळीतून खाली उतरणाऱ्याला पहिला धडा त्या घळीतच मिळतो. दोन्ही बाजूंना दगडाच्या उंच भिंती, आणि मध्ये माणूस जाईल एवढी फट. ज्वालारस निवताना आकसतो, त्याला तडे जातात. त्या तड्यांतून पाणी शिरते आणि युगानुयुगे त्या रुंद करीत जाते. जळकोटच्या विहिरीला जे पाणी लागते, तेही बव्हंशी अशाच तड्यांतून आणि थरांच्या सांध्यांतून येते. तेथे जो तडा माणसाला पाणी देतो, तोच येथे समुद्राला डोंगरात शिरण्यास वाट देतो.

घळीतून बाहेर पडताच समोर दगडाचा एक विस्तीर्ण, जवळजवळ सपाट चौथरा पसरलेला दिसतो, आणि मागे कडा उभा. हा चौथरा कोणी बांधलेला नाही. तो डोंगर कापून उरलेला आहे. लाट कड्याच्या पायथ्याशी आदळते तेव्हा ती केवळ पाणी घेऊन येत नाही. वाळू आणि गोटे घेऊन येते, आणि त्यांनी दगड घासते. शिवाय तड्यांत कोंडलेली हवा लाटेच्या दाबाने आवळली जाते आणि लाट मागे फिरताच एकदम फुगते. पाचरीचे काम हवाच करते. अशा रीतीने कड्याचा पायथा आत कोरला जातो, वरचा भाग निराधार होऊन कोसळतो, लाटा त्याचे तुकडे वाहून नेतात, आणि कडा एक पाऊल मागे सरतो. पूर्वी जेथे कडा होता तेथे त्याचा तळ तेवढा शिल्लक राहतो. तोच हा चौथरा. प्रदक्षिणा घालणारा खरोखर डोंगराभोवती चालत नसून नाहीशा झालेल्या डोंगराच्या पायावरून चालत असतो.

चौथऱ्यावर जागोजाग वाटोळे खळगे आहेत. कुकडी नदीच्या पात्रात निघोजला ज्यांनी रांजणखळगे पाहिले असतील, त्यांना हे ओळखू येतील. खोलगट जागेत अडकलेला गोटा पाण्याच्या भोवऱ्याबरोबर फिरत राहतो आणि जात्यासारखा तळ दळीत जातो. दगडच दगडाला कोरतो. परंतु याहून चमत्कारिक नक्षी कड्याच्या अंगावर, लाटा थेट पोहोचत नाहीत अशा ठिकाणी आढळते. दगडाला मधाच्या पोळ्यासारखी भोके पडलेली, आणि भोकांमधल्या भिंती कागदासारख्या पातळ. पाहणाऱ्याला ते टाकीचे काम वाटते. ते काम मिठाचे आहे. लाटांचे तुषार दगडाच्या सूक्ष्म छिद्रांत शिरतात, उन्हाने पाणी उडून जाते, मागे राहिलेल्या मिठाचे खडे वाढू लागतात आणि कणाला कणापासून सुटे करतात. स्वयंपाकघरात चिमटीत धरावयाचे जे मीठ, त्याच्यापुढे पहारीला न जुमानणारा काळा पाषाण हार खातो! जेथे लाटेचा दणका चालत नाही तेथे मिठाची चिकाटी चालते.

अशा ठिकाणी सजीव सृष्टी असेल असे प्रथमदर्शनी वाटत नाही. पण खडकावर ती मजल्या-मजल्यांनी राहते, आणि कोणता जीव कोणत्या मजल्यावर राहील हे भरतीओहोटीने ठरविलेले असते. सर्वांत वर, जेथे केवळ तुषार पोहोचतात, तेथे वाटाण्याएवढे शंखातले जीव तड्यांत दाटीने बसलेले असतात. कवचाचे दार लावून ते आत ओल राखतात आणि पाण्यावाचून दीर्घकाळ राहू शकतात. त्याच्या खाली पांढऱ्या, टोकाला उघड्या अशा लहान शंकूंची खरबरीत चादर पसरलेली दिसते. अनवाणी पायाला तिचा परिचय लवकर होतो. ते शंकू म्हणजे झिंग्या-खेकड्यांचे दूरचे भाऊबंद. लहानपणी पाण्यात स्वैर पोहावयाचे, एकदा खडक निवडावयाचा, आणि डोके खाली करून जन्मभर तेथेच चिकटून बसावयाचे, अशी त्यांची रीत. भरती आली की ते झाकण उघडून पिसासारखे पाय बाहेर काढतात आणि पाण्यातले सूक्ष्म अन्न ओढून घेतात. त्याच मजल्यावर कालवे असतात. ओहोटीला गावच्या बायका लोखंडी टोकदार हत्याराने ती फोडून आतला गर काढतात. कोकणी घरातल्या कालवणाचे हे मूळ.

छत्रीच्या आकाराचे एक कवच खडकाला असे घट्ट बसलेले असते की बोटाने ते हलत नाही. यांपैकी काही जातींचे जीव भरतीच्या वेळी शेवाळ खरवडीत फिरतात, आणि पाणी उतरण्यापूर्वी नेमके आपल्याच जागेवर परत येतात. त्या जागी त्यांच्या कवचाच्या कडेला जुळेल अशी खूण दगडात झिजून पडलेली असते. तिसऱ्या मजल्यावर, साचलेल्या पाण्याच्या डबक्यांत, समुद्रफुले असतात. फूल म्हणून कौतुकाने वाकावे तो ते पाकळ्या मिटून मांसाच्या गोळीसारखे होते. कारण ते फूल नव्हे, प्राणी आहे, आणि त्या पाकळ्या म्हणजे भक्ष्य पकडण्याचे दंश करणारे हात आहेत. रिकाम्या शंखात बिऱ्हाड करून राहणारा खेकडा त्याच डबक्यात भेटतो. अंग वाढले की त्याला मोठे घर लागते, आणि ते मिळेपर्यंत त्याचा जीव धोक्यात. किनाऱ्यावरून पिशवी भरून शंख नेणाऱ्या पाहुण्याने एवढे ध्यानात ठेवावे की रिकामा शंख रिकामा नसतो. तो कोणाच्या तरी वाट्याचे घर असतो. दगड उलटून पाहिला तर तो पुन्हा जसाच्या तसा ठेवावा. खालच्या अंगाला राहणारे जीव उन्हात थोड्या वेळात मरतात.

प्रदक्षिणा संपवून दक्षिणेकडे जावयाचे तर सावित्रीची खाडी आडवी येते. बागमांडल्याहून वेशवीला तरीने गेले की रत्नागिरी जिल्हा लागतो. मुखावर बाणकोटचा हिम्मतगड किल्ला आहे. १७५५ साली तो इंग्रजांच्या हाती पडल्यावर त्यांनी त्याला व्हिक्टोरिया हे नाव दिले होते. खाडीत समुद्राचा दणका नाही, म्हणून येथे दगड जाऊन चिखल आला, आणि चिखलाबरोबर कांदळवन. खारे पाणी पिऊन जगणारी ही झाडे. तिवराची मुळे चिखलातून वर खुंट्यांसारखी डोकावून हवा घेतात. त्या खुंट्यांमधून निवट्या नावाचा मासा पाण्याबाहेर उड्या मारीत हिंडतो. मासा असून जमिनीवर चालणारा हा प्राणी घाटावरच्या मुलांना दाखविण्यासारखा आहे.

खाडी ओलांडून डोंगरावर चढले की पायांखाली काळा पाषाण राहत नाही. तांबडा, छिद्रमय जांभा लागतो. दीर्घकाळच्या पावसाने आणि उष्णतेने काळ्या पाषाणातील विरघळणारी द्रव्ये धुऊन गेली, लोह मागे राहिले, आणि त्याचा गंज चढून हा दगड झाला. तोही जळकोटकरांना अगदी परका नाही. उदगीरच्या पलीकडे बीदरचे पठार याच जातीच्या दगडाचे आहे. येथल्या सड्यावरून पश्चिमेला पाहता पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुड संथपणे घिरट्या घालताना दिसण्याचा संभव असतो. कोकणात त्याला काकण म्हणतात. उंच झाडावर काटक्यांचे भले मोठे घरटे करून तो वर्षानुवर्षे तेच डागडुजी करून वापरतो. खाली खडकावर राखी रंगाचा समुद्रबगळा एका पायावर उभा असतो, आणि हिवाळ्यात दूर उत्तरेकडून आलेले कुरव पक्षी थव्याने पाण्यावर उतरतात.

या काकण पक्ष्यामुळेच पुढच्या गावाची कथा घडली. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेचे कार्यकर्ते २००२ साली त्याची घरटी शोधीत मंडणगड तालुक्यातील वेळास या गावी आले असता, त्यांना वाळूत समुद्रकासवांच्या खाणाखुणा आढळल्या. वेळास हे नाना फडणविसांच्या घराण्याचे गाव. वाळूचा लांब पट्टा, मागे सुरूची झाडे, त्यामागे नारळी-पोफळीच्या बागा. या वाळूत हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवांच्या माद्या रात्री येतात, मागच्या पायांनी हातभर खोल खड्डा करतात, शंभराच्या आसपास अंडी घालतात, वाळू लोटून खड्डा बुजवितात आणि मागे वळून न पाहता समुद्रात निघून जातात. पिलांची काळजी वाळूच्या उबेवर सोपविलेली असते. ती ऊब अधिक असेल तर पिले बहुतेक माद्या निपजतात, कमी असेल तर नर. एका गावच्या वाळूचे तापमान पुढच्या पिढीचे घरटेही ठरविते, असे म्हणावयास हरकत नाही.

पूर्वी ही अंडी कोल्हीकुत्री उकरीत, आणि माणसेही खाण्यासाठी वा विकण्यासाठी नेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या कासवाला संरक्षण दिलेले होते. पण रात्री निर्जन वाळूत कायदा पहारा करीत नाही. तो पहारा वेळासच्या गावकऱ्यांनी पत्करला. पहाटे किनारा चालून काढावयाचा, मादीच्या पावलांचा माग ओळखावयाचा, अंडी अलगद काढून कुंपण घातलेल्या जागेत तेवढ्याच खोलीवर पुरावयाची, आणि सुमारे पन्नास-साठ दिवसांनी पिले वर आली की त्यांना पाण्याच्या दिशेने सोडावयाचे. पुढे हे पाहण्यास माणसे येऊ लागली, घरोघर पाहुण्यांची सोय झाली, आणि ज्या वाळूतून पूर्वी अंडी विकली जात तीच वाळू गावाला प्रामाणिक मिळकत देऊ लागली. जीवरक्षण आणि पोटपाणी यांचा असा मेळ क्वचितच पडतो.

पिलाला उचलून पाण्यात नेऊन ठेवणे हे मात्र उपकार नव्हेत. ती तळहाताएवढी नसलेली पिले वाळूवरून स्वतःच सरपटत गेली पाहिजेत. त्यांना वाट दाखवितो तो समुद्रावरचा मंद उजेड; किनाऱ्यावर तीव्र दिवा असेल तर ती त्याच्याकडे वळतात आणि मरतात. म्हणून रात्री विजेरी पेटवून वाळूवर हिंडणारा हौशी पाहुणा कोल्ह्याहून कमी घातक समजू नये.

पाण्यात शिरल्यावर ही कासवे कोठे जातात, हे दीर्घकाळ गूढच होते. जानेवारी २०२२ मध्ये वेळासला एका मादीच्या पाठीवर उपग्रहाला संदेश देणारे यंत्र बसविण्यात आले. तिचे नाव ‘प्रथमा’ ठेविले. आणि २०२५ च्या जानेवारीत याहूनही विलक्षण गोष्ट उघडकीस आली. वेळासच्या दक्षिणेस गुहागरच्या वाळूत अंडी घालावयास आलेल्या एका मादीच्या अंगावर खूणपट्टी होती, आणि ती २०२१ साली ओडिशाच्या किनाऱ्यावर लावलेली होती. साऱ्या द्वीपकल्पाला वळसा घालून ती पूर्व समुद्रातून पश्चिम समुद्रात आली होती. ज्या बंगालच्या उपसागरास जळकोटचे पाणी जाऊन मिळते, तेथल्या जिवाने कोकणची वाळू जवळ केली!

आता मूळ प्रश्नाकडे वळावयास हवे. पूर्वेला हळूहळू विरळ होणारा काळा पाषाण पश्चिमेला असा तुटतो का? याचे उत्तर समुद्राच्या पलीकडे आहे. ज्वालारसाचे पूर आले त्या काळी हिंदुस्थानची भूमी पश्चिमेला याच ठिकाणी संपत नव्हती. सेशल्स बेटांचा भूभाग तिला जोडलेला होता. अग्निपुरांनंतर लवकरच, म्हणजे भूशास्त्राच्या मापाने लवकर, दोहोंमध्ये भेग पडली, भूमी दुभंगली आणि मध्ये समुद्र शिरला. त्या ताणाने कोकणपट्टीतले थर समुद्राकडे वाकले. पनवेलच्या परिसरात हे वाकणे विशेष स्पष्ट आहे, म्हणून त्याला भूशास्त्रात पनवेलचेच नाव मिळाले. तेव्हा हरिहरेश्वरचा कडा हे पाषाणाचे टोक नव्हे; ते त्याचे तुटलेले अंग आहे. त्याचा उरलेला भाग समुद्राच्या तळाशी गेला आहे, आणि तुटण्याचे जे काम तेव्हा भूमीने आरंभिले, तेच लाट आणि मीठ आजही थोडेथोडे पुढे नेत आहेत. सह्याद्रीचा कडादेखील एके काळी आजच्यापेक्षा पश्चिमेला होता आणि झिजत झिजत पूर्वेकडे सरत आला, असे मानण्यास पुष्कळ आधार आहे.

मराठवाड्याच्या माणसाने हा किनारा चालून पाहावा तो याचसाठी. समुद्रस्नानासाठी नव्हे, शंख गोळा करण्यासाठी तर नव्हेच. ज्या दगडावर त्याचे घर उभे आहे, ज्याच्या मातीत त्याची ज्वारी आणि तूर पिकते, ज्याच्या फटीतून त्याला पाणी मिळते, तो दगड अक्षय आहे अशी त्याची समजूत असते. पश्चिम किनाऱ्यावर तो त्याला तुटताना, कोरला जाताना, विरघळताना दिसतो. आणि त्या झिजण्यातूनच कालवांना घर, कासवांना वाळू आणि कांदळांना चिखल मिळतो, हेही दिसते. घराकडे परतल्यावर विहिरीच्या कडेला उभे राहून तेच काळे-तांबडे थर तो पुन्हा पाहील, तेव्हा त्यांचा अर्थ त्याला निराळा वाटेल.

जाण्यापूर्वी मात्र त्याने पंचांग उघडून तिथी पाहावी, तिची पाऊणपट करावी, आणि किनाऱ्यावर पोहोचल्यावर पहिल्या भेटलेल्या कोळ्याला पाण्याची वेळ विचारावी. डोंगर कोट्यवधी वर्षे वाट पाहत उभा आहे. भरती कोणासाठीही थांबत नाही.